खांडपाड्याची गोरी बाव

मंदाकिनी चौबळ आमच्या कचेरीत ट्रेसर म्हणून रुजू झाल्या, तेव्हा त्यांना बसायला स्टूल नव्हतं. हॉलमध्ये सहा उतरती टेबलं होती आणि सहा पुरुष. इथे कधी एखादी बाई कामाला येईल, हे फर्निचर मागवणाऱ्याच्या मनातही आलं नसावं. पहिले चार दिवस त्यांनी उभ्यानेच काम केलं. पाचव्या दिवशी घरून पाट आणला, दोन रिकाम्या खोक्यांवर ठेवला आणि त्यावर बसल्या. साहेबांनी ते दुपारी पाहिलं, आणि संध्याकाळी स्टूल आलं.

हे बावन्न सालचं. मी त्याच कचेरीत आवक-जावक कारकून होतो. ठाण्यातली ती एक लहानशी सरकारी कचेरी. खेड्यापाड्यांना जोडणारे रस्ते आखणं हे तिचं काम. मंदाताई कल्याणहून यायच्या, पारनाक्याजवळून. वय सव्वीस, अंगाने किडकिडीत, उजव्या हाताच्या बोटांवर कायम काळ्या शाईचा डाग. घरी त्या आणि वडील, दोघंच. वडिलांना सगळे अण्णा म्हणत. ते रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले होते आणि मुलगी नेमकं काय काम करते हे त्यांना सांगता येत नसे. कोणी विचारलं की ते म्हणत, "सरकारी आहे," आणि विषय बदलत.

काम तसं सरळ होतं. जुना नकाशा टेबलावर पसरायचा, त्यावर मेणचट पारदर्शक कापड ताणून बसवायचं आणि खालची प्रत्येक रेघ शाईने वर गिरवायची. ट्रेसरने डोकं चालवावं अशी कोणाची अपेक्षा नव्हती. पण मंदाताईंना गिरवता गिरवता प्रश्न पडायचे, आणि पडलेला प्रश्न गिळायची त्यांना सवय नव्हती.

आमच्याकडे दोन तऱ्हेचे नकाशे असत. एक गावनकाशा. त्यात एक मैल जमीन आठ इंच कागदावर पसरलेली असायची. शेताचा बांध, विहीर, देऊळ, सगळं दिसायचं. दुसरा तालुक्याचा नकाशा. त्यात तोच मैल एका इंचात कोंबलेला. साहेब लोक रस्त्याची रेघ ओढत ती तालुक्याच्या नकाशावर, कारण त्यांना सगळा मुलूख एका नजरेत हवा असे. मग ती रेघ गावनकाशांवर उतरवायची, म्हणजे कोणाच्या शेतातून किती जमीन जाणार ते कळे. उतरवायचं म्हणजे आधी जोड्या लावायच्या. तालुक्याच्या नकाशातला हा ठिपका म्हणजे गावनकाशातलं कोणतं देऊळ, हा वाकडा ओढा म्हणजे तिथला कोणता ओढा. चार-सहा जोड्या पक्क्या बसल्या की रस्त्याची रेघ त्यांच्या आधाराने जागेवर येते.

हे जोड्यांचं काम हेड ड्राफ्ट्समन बापूराव राजे स्वतः करत. तीस वर्षांची नोकरी, जाड भिंगाचा चष्मा, आणि हातात पँटोग्राफ. हे यंत्र म्हणजे लाकडी पट्ट्यांची एक चौकट. तिचं एक टोक लहान नकाशावर फिरवलं की दुसरं टोक मोठ्या कागदावर तेच आठपट वाढवून काढतं. बापूरावांचा त्या यंत्रावर देवासारखा विश्वास.

रुजू होऊन वर्ष झालं असेल-नसेल, मंदाताई एकदा त्यांना म्हणाल्या, "बापूराव, गावनकाशात इथे सात घरं आहेत. तालुक्याच्या नकाशात एकच काळा चौकोन आहे. मग हा चौकोन सातांपैकी कोणत्या घराची जोडी?"

"पहिल्या घराची. यंत्राचं टोक तिथेच पडतंय."

"मला वाटतं, तो सातही घरांची जोडी आहे. काढणाऱ्याला सात मावली नाहीत, म्हणून त्याने एक काढलं. ओढ्याचंही तसंच. इथे दोन ओढे आहेत, तिथे एक. त्याने एक गाळलाय. कोणता गाळला ते कळल्याशिवाय उरलेला कोणता ते कसं सांगणार?"

बापूरावांनी चष्मा कपाळावर सरकवला. "चौबळबाई, तुम्ही गिरवा. गाळलंय काय आणि उरलंय काय ते मी बघतो."

त्या गिरवायला लागल्या. पण त्या दिवसापासून त्यांनी एक वही सुरू केली. डाव्या पानावर लहान नकाशातली वस्तू, उजव्या पानावर मोठ्यातली तिची जोडी, आणि खाली त्या जोडीचा पुरावा: शेजारी काय आहे, कोणत्या हाताला आहे, वाट कुठून येते. पुरावा कच्चा असेल तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. मला ती वही त्यांनी जेवणाच्या सुट्टीत दाखवली होती. "माणूस गर्दीत ओळखायचा असेल तर नुसता चेहरा बघून चालत नाही, हरिहर," त्या म्हणाल्या. "बरोबर कोण आहे तेही बघावं लागतं."

चोपन्न सालच्या दिवाळीनंतर डोंबिवलीचं काम आलं. स्टेशनापासून खाडीकाठच्या पाड्यांपर्यंत रस्ता. त्या पाड्यांतली माणसं भातशेती करत आणि मिठागरांत राबत. त्यांतल्या खांडपाड्यापाशी घोळ झाला.

तालुक्याच्या नकाशात खांडपाड्याला विहिरीचा एक ठिपका होता. साहेबांनी त्याच्या पूर्वेला जरा जागा सोडून रस्ता आखला होता; विहीर वाचवायची म्हणूनच. गावनकाशात मात्र विहिरी दोन होत्या. एक पश्चिमेला, खाडीच्या बाजूला. दुसरी तिच्या पूर्वेला. दोघींमध्ये गावनकाशावर एक इंच अंतर. म्हणजे तालुक्याच्या नकाशात ते तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं. ठिपका पश्चिमेच्या विहिरीचा मानला तर रस्ता बरोबर पूर्वेच्या विहिरीवरून जात होता. ठिपका पूर्वेच्या विहिरीचा मानला तर रस्ता आणखी इंचभर पलीकडे, रिकाम्या माळावरून जात होता.

बापूरावांनी पँटोग्राफ लावला. टोक दोन विहिरींच्या मधोमध पडलं. जुना कागद दमट हवेने आक्रसला होता, त्याला यंत्र तरी काय करणार. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा तेच. शेवटी त्यांनी ठिपका पश्चिमेच्या विहिरीला देऊन टाकला आणि पूर्वेची विहीर 'बुजवणे' या सदरात टाकली.

त्याच सुमारास ओव्हरसियर जागेवर जाऊन खुंट्या ठोकून आला आणि त्याने यादी दिली. तीत लिहिलं होतं: खांडपाडा, गोरी बाव एक, दुसरी बाव एक. बाव म्हणजे विहीर हे सगळ्यांना माहीत होतं. पण गोरी बाव म्हणजे काय, यावर हॉलमध्ये दोन दिवस चर्चा चालली. बापूरावांचं मत पडलं की तिला चुना लावलेला असणार. कोणी म्हणालं, संगमरवरी असेल.

मंदाताई टेबलावरून म्हणाल्या, "गोरी नाही, गोडी. आमच्याकडे मासळी घेऊन सगुणा येते, ती घोड्याला घोरा म्हणते आणि गाडीला गारी. गोडी बाव म्हणजे गोड्या पाण्याची विहीर. आणि पाड्याला गोड्या पाण्याची विहीर एकच असली, तर ती कोणती, हे बघितल्याशिवाय एकही विहीर बुजवता येणार नाही."

बापूराव म्हणाले, "बघणार कोण? ओव्हरसियर आता शहाडच्या कामावर गेला."

"मी जाते."

ट्रेसरने जागेवर जायचं ही पद्धतच नव्हती, आणि बाईने तर नाहीच. पण आमचे मुळगावकर साहेब फारसे नियमात अडकणारे नव्हते. त्यांनी दोन्ही नकाशे समोर ठेवून मंदाताईंचं म्हणणं ऐकलं आणि विचारलं, "एकट्या जाणार?"

"हरिहर बरोबर येतील."

ही गोष्ट मला तेव्हाच कळली. आणि अण्णांना संध्याकाळी कळली, तेव्हा ते म्हणाले की मग मीही येणार. त्यामुळे डिसेंबरातल्या एका सकाळी डोंबिवली स्टेशनावर आम्ही तिघं उतरलो. मंदाताईंच्या काखेत नकाशांची गुंडाळी, माझ्याकडे मोजणीची टेप, आणि अण्णांकडे छत्री, पाण्याचा तांब्या आणि दशम्यांचा डबा. आकाशात एकही ढग नव्हता. छत्री कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, "सरकारी काम आहे. काही सांगता येत नाही."

भातं कापून झाली होती. रिकाम्या खाचरांमध्ये वालाची हिरवी पानं वर आली होती, आणि लांब खाडीच्या अंगाला मिठाचे ढीग उन्हात चमकत होते. तासभर चालून आम्ही पाड्यावर पोचलो. पूर्वेच्या विहिरीवर पाच-सहा बायका पाणी भरत होत्या. ओव्हरसियरने ठोकलेल्या लाल डोक्याच्या खुंट्या मात्र कुठे दिसेनात. थोडं पुढे गेल्यावर दिसल्या. एका घराच्या कडेला त्या ओळीने ठोकलेल्या होत्या आणि प्रत्येकीला एकेक बकरी बांधलेली होती.

घरातून एक पन्नाशीला आलेली बाई बाहेर आली. नाव गोदूबाई. नवरा मिठागरावर होता. तिने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि नजर नकाशांच्या गुंडाळीवर ठेवली.

"या खुंट्या इथे कशा आल्या?" मी विचारलं.

"बावीच्या भवती कोनी ठोकून गेलता. पानी भरताना पायान येत व्हत्या. म्हनून काढल्या. लाकूड चांगला हाय."

अण्णांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. मंदाताईंनी मात्र खुंट्यांचा विषयच काढला नाही. त्या विहिरीकडे बोट करून म्हणाल्या, "गोदूबाई, गोरी बाव ती हीच का?"

गोदूबाईचा चेहरा जरा सैल झाला. "हीच. पिऊन बघ, बाय."

मंदाताई ओंजळीने पाणी प्यायल्या. मग अण्णा प्यायले आणि त्यांनी तांब्यातलं कल्याणचं पाणी ओतून टाकून हे भरून घेतलं.

"आणि ती पलीकडची?"

"ती खारी. तिचा पानी ढोराबी पीत नाय. भांडी घासाया चालतं."

माझ्या मते काम झालं होतं. पूर्वेची विहीर गोडी, ती वाचवायची, साहेबांना तसं सांगायचं. पण मंदाताई बांधावर बसल्या आणि त्यांनी दोन्ही नकाशे गुडघ्यांवर उलगडले. त्यांना जोडी पक्की करायची होती. "विहीर गोडी आहे हे मी सांगितलं, तर बापूराव म्हणतील, असेल, पण ठिपका तिचाच कशावरून? साहेबांनी रस्ता ठिपका धरून आखलाय. ठिपका चुकीच्या जागी धरला तर पुढचे तीन पाडेही चुकतील."

त्यांनी मला दाखवलं. तालुक्याच्या नकाशात खाडीकाठी बंधाऱ्याची एकच जाड रेघ होती आणि विहिरीचा ठिपका तिच्या पूर्वेला होता. गावनकाशात मात्र बंधारे दोन होते. एक अगदी खाडीला लागून, आणि दुसरा आतला, बरोबर दोन विहिरींच्या मधून जाणारा. तालुक्याच्या नकाशातली रेघ बाहेरच्या बंधाऱ्याची असेल तर दोन्ही विहिरी तिच्या पूर्वेला पडत होत्या आणि काहीच सिद्ध होत नव्हतं. ती आतल्या बंधाऱ्याची असेल, तरच ठिपका गोड्या विहिरीचा.

"गोदूबाई, हे दोन बंधारे. यांतला आधीचा कोणता?"

"हा आतला. आमचे आजेसासऱ्याचे वखताचा. तवा इथवर खाडी यायची." ती ज्या जागेकडे बोट दाखवत होती तिथे आता भाताची खाचरं होती, आणि त्या खाचरांच्या मध्ये ती खारी विहीर. "भायरचा बांद मी लगीन करून आलू त्या साली बांदला. मी नवी नवरी, तरी माती वाहिली. आनि ती खारी बाव त्याचे मागून खनली. पानी गोरा लागंल असा वाटलेला सगल्यांना. नाय लागला."

"लग्न कोणत्या साली झालं?"

सालाशी गोदूबाईला काही देणंघेणं नव्हतं. तिने बराच विचार केला. "तो मोठा ताप आलता ना, घराघरान मानसा मेली, माझा बापूस बी त्यान गेला. त्याचे मागून पाच पावसाले गेले आनि माझा लगीन झाला."

आता अण्णा पुढे सरसावले. आत्तापर्यंत ते डब्याकडे लक्ष ठेवून होते. "एन्फ्लुएन्झा," ते म्हणाले. "अठरा साल. मला पक्कं आठवतंय, मी तेव्हा भायखळ्याला पार्सलमध्ये होतो, निम्मा स्टाफ आजारी. अठरा आणि पाच, तेवीस. बाहेरचा बांध तेवीस सालचा."

मंदाताईंनी तालुक्याच्या नकाशाचा खालचा कोपरा वर केला आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. तिथे छापलं होतं: मोजणी, १९१८-१९.

मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं. आनंद झाला की त्यांचं नाक थोडं फुगायचं. तसं ते फुगलं, आणि त्या म्हणाल्या, "नकाशा झाला तेव्हा बाहेरचा बांध नव्हता. खारी विहीर नव्हती. तिथे पाणी होतं. मग ठिपका दुसऱ्या कोणाचा असणार, अण्णा?"

"कोणाचाच नाही," अण्णा म्हणाले, आणि मग एकदम त्यांना कळलं. "अगं, ह्या गोरीचाच."

त्यांनी मुलीकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं. इतक्या दिवसांत त्यांना मुलीचं काम पहिल्यांदाच दिसलं होतं.

गोदूबाईने जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी, वालाच्या कोवळ्या शेंगा आणि चुलीवर परतलेली सुकट. अण्णांनी दशम्यांचा डबा उघडलाच नाही. तिसरी भाकरी घेताना म्हणाले की रेल्वेत असताना अशा कामावर कोणी पाठवलं असतं तर आपण निवृत्तच झालो नसतो. निघताना गोदूबाईने विचारलं, "खुटं परत न्याल काय?" मंदाताई म्हणाल्या, "राहू द्या. रस्ता माळावरून जाईल, तेव्हा नवे ठोकू."

कचेरीत मात्र गोष्ट इतकी सोपी नव्हती. मंदाताईंनी दीड पानाचा अहवाल लिहिला. बापूरावांनी तो वाचला, घडी केली आणि खणात ठेवला. "लग्नाच्या तारखेवरून नकाशा दुरुस्त केल्याचं मी आजवर ऐकलं नाही," एवढंच बोलले. दोन दिवस अहवाल खणातच राहिला. मंदाताई गिरवत राहिल्या, पण माझ्या लक्षात आलं की त्यांची शाई त्या दिवसांत दोनदा सांडली.

तिसऱ्या दिवशी बापूराव सकाळी आलेच नाहीत. दुपारी आले ते घामाघूम, हातात एक लांब पुठ्ठ्याची नळी. ते दफ्तरखान्यात जाऊन खांडपाड्याच्या गावनकाशाची मूळ प्रत पाहून आले होते. आमच्याकडे होती ती नुसती काळी छापील नक्कल. त्यांनी नळीतून आपल्या हाताने केलेली नक्कल काढली आणि ती मंदाताईंच्या टेबलावर पसरली.

"मूळ नकाशात नंतरच्या दुरुस्त्या लाल शाईने करतात," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आपल्या छापात सगळं काळं झालं. बाहेरचा बांध लाल आहे. खारी विहीरही लाल आहे. खाली तारीख आहे, सव्वीस साल. चौबळबाई, तुमची ती बाई बरोबर बोलली."

मग ते खाली बसले आणि प्यायला पाणी मागितलं. मंदाताईंनीच आणून दिलं. तेव्हा ते हळूच म्हणाले, "मी तो कागद तीन वेळा मोजला होता. शेजारी कोण आहे ते एकदाही बघितलं नाही."

रस्ता गावनकाशावर इंचभर पूर्वेला सरकला. साहेबांनी अहवालावर सही केली आणि खाली शेरा मारला: 'यापुढे जोड्या चौबळबाईंनी तपासाव्यात.' बापूरावांनी तो शेरा माझ्याकडून स्वच्छ अक्षरात लिहून घेतला आणि हॉलच्या भिंतीवर लावला. पुढची चार वर्षं कोणताही नकाशा आला की ते तो आधी मंदाताईंपुढे ठेवत आणि म्हणत, "ह्याची सोयरीक जुळवा."

त्या कधी चुकल्या नाहीत असं नाही. पंचावन्न साली टिटवाळ्याकडच्या एका नकाशात त्यांना एक देऊळ सापडलं, आणि गावनकाशात काही केल्या त्याची जोडी मिळेना. आठवडाभर त्या त्या देवळामागे होत्या. ओढा जुळवला, वाट जुळवली, एका म्हाताऱ्या गुरवाला पत्रही घातलं. शेवटी बापूरावांनी भिंग लावून पाहिलं आणि नखाने ते देऊळ खरवडून काढलं. ती माशीची शिट होती. मंदाताईंनी ती नोंद वहीत डाव्या पानावर नीट लिहिली, आणि उजव्या पानावर, जोडीच्या जागी: 'माशी, उडून गेली.' ती वही पुढे नव्या ट्रेसरना शिकवायला वापरायचे, आणि त्या पानावर प्रत्येक जण थांबायचा.

अठ्ठावन्न साली बापूराव निवृत्त झाले. जाण्याआधी त्यांनी वरच्या कचेरीला तीन पत्रं पाठवली, प्रत्येकाची जावक नोंद मीच केली. पहिल्याला उत्तर आलं की ड्राफ्ट्समनच्या जागेवर बाई नेमण्याची तरतूद नाही. दुसऱ्या पत्रात त्यांनी विचारलं की न नेमण्याची तरतूद कुठल्या कलमात आहे ते कळवावं. त्याला उत्तरच आलं नाही. तिसऱ्याबरोबर त्यांनी मंदाताईंच्या वहीतली चाळीस पानं नक्कल करून जोडली. नेमणुकीचा हुकूम एकोणसाठच्या मार्चमध्ये आला. पाकीट मी फोडलं आणि आवक वहीत नोंद करायच्या आधीच हॉलमध्ये धावलो. माझ्या नोकरीत मी केलेली ती एकमेव गैरशिस्त.

त्या रविवारी मी कल्याणला त्यांच्या घरी गेलो, तर अण्णा गल्लीच्या तोंडाशी पेढ्यांचा पुडा घेऊन उभे. पलीकडच्या घरातल्या गंगुबाईंनी पेढा घेत विचारलं, "मंदा आता मोठी साहेबीण झाली म्हणे. पण काम काय करते?"

यापूर्वी अण्णांनी 'सरकारी आहे' म्हणून विषय बदलला असता. आता त्यांनी पुडा माझ्या हातात दिला, गंगुबाईंना ओट्यावर बसवलं आणि खडूने जमिनीवर दोन चौकोन काढले, एक लहान, एक मोठा.

"हे बघा, हा तालुका," ते म्हणाले. "आणि हे गाव. आता ह्यात एक विहीर आहे आणि ह्यात दोन."

आतून मंदाताईंनी दोनदा हाक मारली, चहा निवतोय म्हणून. अण्णा बंधाऱ्यांपर्यंत आले होते.